दाढोबाची कोठी

खुट्!

दुपारचे अडीच. निनाद नुकता कुठे पाळण्यात झोपला होता, आणि घरात इतकी शांतता होती की भिंतीतल्या, मातीशिवाय भाजी उगवायच्या कपाटात मुळांवरून झिरपणारं पाणीसुद्धा ऐकू येत होतं. केतकीने दचकून आधी पाळण्याकडे पाहिलं. बाळ गाढ झोपलेलं. मग ती खिडकीजवळच्या काचपेटीत डोकावली. दाढोबा दगडावरून घसरून पाठीवर पडला होता. चारही पाय वर, आणि ते पाय थरथरत होते.

दाढोबा म्हणजे चार महिन्यांचा दाढीवाला सरडा. मूळ ऑस्ट्रेलियाचा. गळ्याखालची काटेरी पिशवी राग आला की फुगते आणि काळी पडते, म्हणून दाढीवाला. ते साल होतं २०५८. केतकीच्या थोरल्या लेकीच्या, इरावतीच्या, अमरावतीतल्या शाळेत तिसरीच्या प्रत्येक मुलाला एक जीव वर्षभर सांभाळायला मिळायचा. कुणाला ससा मिळाला, कुणाला गोगलगाय. इरावतीला मिळाला दाढोबा, आणि त्या दिवसापासून ती जेवायलासुद्धा काचपेटीशेजारीच बसायची.

आताही ती धावत आली. तिने त्याला अलगद सुलटं केलं.

"आई, याला थंडी वाजतेय का गं?"

"मे महिन्यात? अमरावतीत?" केतकी म्हणाली खरी. पण तिने लगेच प्राणी-दवाखान्याला निरोप धाडला.

सात मिनिटांत बाल्कनीत एक उडता डबा उतरला आणि त्यातून चिमटा बाहेर आला. चिमटा म्हणजे दवाखान्याचा यंत्रमानव. उंची तांब्याएवढी, डोळे दोन, हात एकच, आणि तो हात म्हणजे एक लांबलचक चिमटा.

"रोग्याच्या पोटात काय काय जातं?" त्याने विचारलं.

"पालक!" इरावती अभिमानाने म्हणाली. "आमच्याच कपाटातला. वाटून, तीन वेळा. आणि मऊ भात."

"भातावर तूप?"

"थोडंसंच."

चिमट्याचे डोळे दोनदा मिचमिचले. "ही पाककृती कुणाची?"

"माझी," केतकी म्हणाली. "गेल्या महिन्यात निनादचं उष्टावण झालं. म्हटलं, हेही बाळच. लहान तोंडाला मऊ घास."

"ताई, माणसाच्या बाळासाठी उत्तम बेत. हे बाळ मात्र उलटं चालतं. लहानपणी याला चार घासांतले तीन घास किड्यांचे हवेत आणि एक पाल्याचा. झपाट्याने वाढायचं असतं ना, म्हणून भरपूर प्रथिनं (शरीर बांधायला लागणारे पदार्थ) लागतात. मोठा झाला की चारांतले तीन घास पाल्याचे होतात."

"म्हणजे म्हातारपणी माळकरी होतो?" केतकीच्या तोंडून निघून गेलं.

"अगदी! पण आत्ताच त्याच्या गळ्यात माळ घालू नका."

इरावतीला हसू आलं नाही. "पण पालकाने तर ताकद येते. मग याचे पाय का थरथरतात?"

"पालकात ऑक्झॅलिक आम्ल (काही पानांत असणारा एक आंबट पदार्थ) खूप असतं. ते कॅल्शियमचा हात घट्ट धरून ठेवतं. मैत्रिणीचा हात धरून अंगणात बसलेली मुलगी कितीही हाका मारल्या तरी घरात येते का? तसंच. दोघंही शरीरात न शिरता पोटातून तशीच बाहेर पडतात."

"मी नाही येत," इरावतीने कबूल केलं.

"इकडे रक्ताला कॅल्शियम लागतंच. ते कमी पडलं की स्नायू थरथरतात. मग शरीर हाडांकडे जातं. हाडं नुसता आधाराचा खांब नसतात गं, ती कॅल्शियमची कोठीही असतात. रक्त त्यातून रोज थोडं थोडं काढून नेतं. पण जेवणातून कोठीत भर पडली नाही, तर हाडं मऊ पडत जातात."

इरावतीचा आवाज एकदम बारीक झाला. "मग तो मरणार?"

चिमट्याने दाढोबावरून एक निळसर उजेड फिरवला. केतकीला निनादच्या वजनकाट्यासमोर श्वास धरून उभं राहिल्याची आठवण झाली.

"कोठी निम्मी आहे. रिकामी नाही," चिमटा म्हणाला. "आजपासून भरली तर नाही मरणार. पण शाळेच्या यादीत रातकिड्यांचा एक डबा आहे. तो कुठे आहे?"

"शाळा द्यायला विसरली. आईच म्हणाली."

केतकीने पदराशी चाळा केला. मग ती इरावतीसमोर खाली बसली. "विसरली नव्हती, इरू. मीच तो दारातून परत पाठवला. मला किड्यांची किळस येते. आणि तुला खोटं सांगितलं."

इरावती तिच्याजवळ सरकली.

"खूप किळस येते?"

"खूप."

"पालीएवढी?"

"पालीपेक्षाही."

"मग तू नुसता डबा धर. झाकण मी उघडते."

चिमट्याने आधी दाढोबाच्या तोंडात कॅल्शियमच्या औषधाचे दोन थेंब सोडले. मग आपल्या उडत्या डब्यातून रातकिडे काढले, अगदी बारके. "दाढोबाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा द्यायचा नाही. घशात अडकतो." किड्यांमध्ये कॅल्शियम फार थोडं, म्हणून ते कॅल्शियमच्या पांढऱ्या पुडीत घोळवायचे. बाजूला लाल भोपळ्याचा कीस आणि जास्वंदीची एक पाकळी.

"आणि पेटी खिडकीशी ठेवलीत, ती उन्हासाठी ना?"

"हो तर! निनादलाही रोज कोवळ्या उन्हात धरते मी."

"त्याला बाल्कनीत धरता. इथे मध्ये काच आहे. अतिनील किरणांपैकी (उन्हातले डोळ्यांना न दिसणारे किरण) ज्यांची याला गरज आहे, ते काच अडवते. ते नसले तर अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्याच्याशिवाय कॅल्शियमला आतड्यातून रक्तात नीट शिरता येत नाही. म्हणून ते किरण देणारा हा खास दिवा लावायचा. दिवसा चालू, रात्री बंद."

दिवा लागला. केतकीने डोळे अर्धे मिटून डबा धरला. इरावतीने झाकण उघडलं, आणि पहिला रातकिडा टुण्णकन उडून थेट केतकीच्या मनगटावर! निनाद झोपला होता म्हणून, नाहीतर तिची किंकाळी चौकापर्यंत गेली असती. तिने दात आवळून हात तसाच पेटीत नेला.

दाढोबाने मान तिरकी केली. चट्! मनगटावर फक्त पांढरी पूड उरली.

"खाल्ला! आई, तुझ्या हातून खाल्ला!" इरावतीने तिला मिठी मारली. मग दुसरा. मग थोडं थांबून तिसरा.

या गडबडीत निनाद उठलाच. केतकी त्याला पाजायला बसली. चिमटा आपलं सामान आवरत होता. "पायांची थरथर थांबायला काही दिवस लागतील, कोठी भरायला काही महिने. दर आठवड्याला येऊन बघेन. पुढच्या वर्षी हा चांगला हातभर सरडा होऊन पाला खात बसेल. आणि ताई, तुमची कॅल्शियमची गोळी?"

"राहिली आज."

"घ्या. दूध पाजणाऱ्या आईच्या कोठीतूनही रोज थोडं जातं. बाळाचं दूध सुटलं की बरंचसं भरून निघतं, पण सध्या सांभाळा."

इरावती धावत जाऊन गोळी आणि पाणी घेऊन आली. आईने गोळी गिळेपर्यंत ती समोर उभी राहिली. निनादच्या इवल्याशा पायाकडे तिने पाहिलं, मग आपल्या मनगटाकडे, मग आईच्या. एका बोटाने तिने आपल्या मनगटाचं हाड दाबून पाहिलं.

"आई, मीपण तुझंच दूध प्यायले ना? मग माझ्या हाडांतलं तुझं किती आहे गं?"