रिकाम्या रुळावरचा अडथळा

"समोर अडथळा आहे. मी पुढे जाऊ शकत नाही," गाडी म्हणाली.

नीरजाने फलाटावरून वाकून पाहिले. सोलापूरचा नवा भुयारी मार्ग समोर सरळ गेला होता. दिवे लागलेले होते. रुळांवर मांजरसुद्धा नव्हते.

आज भुयारी मेट्रोच्या डब्यांची चाचणी होती. एक गाडी दूरच्या एका थंड देशातून जहाजाने आली होती. दुसरी इथल्याच कारखान्यात, नीरजाच्या आईच्या देखरेखीखाली तयार झाली होती. जी चांगली ठरेल तिच्या कारखान्याला पुढच्या डब्यांचे काम मिळणार होते. काम मिळाले नाही तर आईचा कारखाना बंद पडणार, हे घरात सगळ्यांना माहीत होते. परदेशी गाडी सकाळीच न अडखळता जाऊन आली होती.

"कालपर्यंत नीट पळत होती हो, अण्णा," आई आजोबांना म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

नीरजाचे आजोबा निवृत्त शास्त्रज्ञ. आजी गेल्यापासून ते बोलण्याआधी जरा थांबत. पूर्वी तेवढ्या वेळात आजी काहीतरी बोलून जायची.

"नीरू," ते म्हणाले, "या गाडीला चालक नाही. मग ती समोरचं कसं बघते?"

"कपाळावरच्या डोळ्यानं."

"तो डोळा म्हणजे संवेदक (आजूबाजूला काय आहे ते जाणून घेणारा भाग). तो अवरक्त किरण (आपल्याला न दिसणारा एक प्रकाश) पुढे सोडतो. किरण कशावर तरी आपटून परत येतो. किती वेळात आला, ते डोळा मोजतो. उशिरा आला तर वस्तू लांब आहे. लगेच आला तर?"

"अगदी जवळ!" नीरजा म्हणाली आणि थबकली. "आजोबा, डोळ्याच्या काचेवरच काही असलं तर?"

सगळे गाडीच्या तोंडाशी गेले. गाडीला झेंडूचा हार घातला होता आणि डोळ्याच्या काचेवर मधोमध ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा होता.

"हे कुणी लावलं?" चाचणी समितीच्या अध्यक्षा फडतरेबाईंनी विचारले.

आईच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या पार्वताबाई पुढे आल्या. "मी, बाई. आज खंडेनवमी. घरी शिलाई मशीनला लावते, मग हिला नाही लावायचं? कपाळ दिसलं, लावलं." त्यांचे डोळे भरून आले. "माझ्याच हातानं घात झाला ओ."

"कारण काहीही असो," फडतरेबाई म्हणाल्या, "गाडी थांबली, एवढंच मला लिहावं लागेल."

"पण त्या दुसऱ्या गाडीला कुणी कुंकू लावलंच नाही!" नीरजा म्हणाली. "लावलं असतं तर?"

परदेशी गाडीबरोबर आलेली अभियंता मिलेना हे ऐकत होती. तिच्या गळ्यातले भाषांतर यंत्र बोलले, "आदरणीय बालिके, आपला प्रश्न न्याय्य आहे. कृपया कुंकुमतिलक करावा."

"अगं बाई, ही तर कीर्तनकार निघाली," पार्वताबाई डोळे पुसता पुसता म्हणाल्या. मिलेनाही हसली.

"तुमचंच नुकसान होईल," आई तिला म्हणाली.

"लोक उद्या लावणारच आहेत. त्या वेळी मी इथे नसेन," मिलेना म्हणाली.

पार्वताबाईंनी टिळा लावला. "समोर अडथळा आहे," परदेशी गाडीही म्हणाली.

"दोघींना एकच दुखणं कसं?" नीरजाने विचारले.

"कारण डोळ्याची जागा आम्ही त्यांच्या आराखड्यातून जशीच्या तशी उचलली," आई म्हणाली. "गाडी इथे बनवली, पण इथली माणसं तिच्याशी कशी वागतील याचा विचारच केला नाही."

मिलेना म्हणाली, "आमच्या पहिल्या हिवाळ्यात बर्फाने हेच केले. प्रवासी कारखान्यात येऊन भांडले. आठवड्यात आम्ही डोळ्याभोवती तापणारी तार बसवली."

"याला प्रत्याभरण म्हणतात (आपण केलेल्या कामाचा परिणाम आपल्याकडे परत पोहोचणे)," आजोबा नीरजाला म्हणाले. "वापरणारा तक्रार करतो, बनवणारा सुधारतो, वापरणारा पुन्हा सांगतो. दोघं जवळ असले की हे चक्र भरभर फिरतं. लांब असले की सावकाश. त्यांची गाडी वाईट नाही, नीरू. ती तिथल्या लोकांचं ऐकून शहाणी झालेली आहे."

"डोळ्याची जागा बदलायला तुम्हाला किती दिवस लागतील?" फडतरेबाईंनी मिलेनाला विचारले.

"नवा आराखडा, मंजुरी, मग जहाज. चार महिने."

"आणि तुम्हाला?"

आईने पार्वताबाईंकडे पाहिले. "संध्याकाळपर्यंत."

आईच्या गाडीचा डोळा छताच्या कडेखाली सरकवला गेला. जुन्या जागी पार्वताबाईंनी कुंकवासाठी पिवळे वर्तुळ रंगवले. पण पहिल्याच फेरीत गाडी पुन्हा अडली. आता तिला जमीनच अडथळा वाटू लागली होती. आई घामाघूम झाली. तेव्हा मिलेनाच शिडीवर चढली. "उंची बदलली, म्हणजे बघण्याचा कोनही बदलला पाहिजे. तो तिला नव्याने शिकवा," ती म्हणाली. दोघींनी मिळून तो शिकवला.

पाच वाजता गाडी भुयारात शिरली. थोड्या वेळाने ती न थांबता परत आली.

फडतरेबाईंनी निर्णय सांगितला. शहराला घाई होती आणि इथल्या कारखान्याला एकदम इतके डबे बनवणे शक्य नव्हते, म्हणून सुरुवातीच्या थोड्या गाड्या मिलेनाच्या देशातून येणार होत्या, डोळा वर सरकवून. बाकी सगळ्या इथे बनणार होत्या.

"पण डोळ्याची काच अजून त्यांच्याकडूनच घ्यायची," आई म्हणाली. "तशी आम्हाला जमत नाही."

"अजून जमत नाही," आजोबांनी दुरुस्ती केली. या वेळी ते बोलण्याआधी थांबले नाहीत.

कारखान्याच्या दारात कामगार वाट बघत उभे होते. आईला मोठे भाषण जमेना.

"उद्या दसरा, सुट्टी," ती म्हणाली. "परवा सातला सगळे कामावर या."

पार्वताबाई म्हणाल्या, "सहाला येतो की ओ, बाई."