वायर काढल्यावर

प्रयोगशाळेच्या टेबलावरचा, वारलेल्या रुग्णाच्या पोटातून काढलेला वेदनाशामक पंप मुठीएवढा होता. त्याची वायर संगणकात खोचली होती आणि पडद्यावरची नोंद स्वच्छ होती: मोठी पहिली मात्रा, एकदाच.

"म्हणजे पंप निर्दोष," चौकशी समितीचे अध्यक्ष डॉ. तेलगोटे म्हणाले. "काशिनाथ ढोकळ्यांच्या रक्तात मात्र औषध सहापट निघालं. मग ते दिलं कोणी?"

सगळ्यांनी परिचारिका शेवंता गावितकडे पाहिलं. पंपाच्या टाकीत उरलेलं औषध मोजता आलं असतं, पण ते नियमावर बोट ठेवून आधीच नष्ट केलं होतं. यंत्राला खोटं बोलायचं कारण नसतं अशी आपली समजूत, त्यामुळे संशयाला माणूसच उरतो.

"देवाशपथ, मी सुई टोचली नाही, साहेब," शेवंता म्हणाली. "चूक म्हणाल तर एकच. आजोबांना पोटाबाहेर आलेली वायर रुतायची, कुशीवर वळता येईना. म्हणून तेवढी काढून ठेवली."

"वायर नुसती नोंदी बघायला असते. ती काढायला परवानगी आहे," डॉ. तेलगोट्यांनी विषय संपवला आणि अहवालावर सही करायला पेन काढलं.

पंप जिने बनवला ती चारुशीला खांडबहाले कोपऱ्यात बसली होती. 'वायर काढली' हे ऐकताच चूक कुठे झाली ते तिला कळलं. ती गप्प बसली असती, तर तिचा दोष कोणालाही सापडला नसता. तो शोधायला वायर लावावी लागते आणि वायर लावली की दोषच उरत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी चालली होती, आणि चोराला खुर्चीतून उठवत नव्हतं. तिला स्वतःची किळस आली.

"थांबा सर. माझ्याकडून झालंय ते."

"काय झालंय?"

"जुन्या पंपातला सूक्ष्मनियंत्रक, म्हणजे पंप चालवणारी चिप, दोन मात्रांच्या मध्ये नुसता पेंगायचा. पेंगतानाही वीज खायचा. दोन वर्षांत बॅटरी संपायची, पोट पुन्हा उघडावं लागायचं. म्हणून मी त्याच्या बाहेर दुसरी चिप बसवली, वीजराखा. तो दर अर्ध्या तासाने नियंत्रकाची वीज जोडतो. नियंत्रक मात्रा देतो, काम झाल्याचं कळवतो, आणि वीजराखा त्याची वीज पार तोडतो. बॅटरी दहा वर्षं जाते."

"ठाऊक आहे. त्या सत्काराचा नारळ मीच दिला तुम्हाला."

चारुशीलाने मान खाली घातली. "वीज तोडली की तात्पुरती स्मृती पुसली जाते. पहिली मात्रा दिल्याची नोंद तिथेच असते. ती गेली की नियंत्रक पुन्हा मोठी पहिली मात्राच देतो."

"कायमच्या स्मृतीत का नाही ठेवली?"

"ठेवायचो. ती ओळ मीच काढली, आणखी थोडी वीज वाचेल म्हणून. महिनाभराच्या चाचणीत तात्पुरती स्मृती एकदाही पुसली गेली नव्हती. मला वाटलं, वीजराखा तेवढ्यापुरती वीज सोडत असेल. पण ती संगणकाची होती, सर. माहितीच्या तारेतून आत झिरपत होती. आम्ही वायर लावल्याशिवाय काही बघतच नाही."

डॉ. तेलगोट्यांचा विश्वास बसेना. मग तिने टाकीत पाणी भरलं, वीजराख्याचा अर्धा तास पाच मिनिटांवर आणला आणि पंपाखाली मोजपात्र ठेवलं. वायर असताना पहिल्यांदा पाच मिलिलिटर पाणी पडलं, मग दोनदा अर्धा अर्धा. तिने वायर काढली. पाच मिनिटांनी पाच मिलिलिटर पडलं. पुढच्या खेपेला पुन्हा पाच. त्याच्या पुढच्या खेपेलाही पाच.

डॉ. तेलगोट्यांनी घाईघाईने वायर जोडली. आणखी पाच मिलिलिटर पाणी पडलं आणि पडद्यावर उमटलं: मोठी पहिली मात्रा, एकदाच.

त्यांनी अहवाल फाडला. "सिस्टर, तुमच्यावर आता कसलाही आरोप नाही. आणि वॉर्डात कळवा, बाकीच्यांच्या वायरी अजून लागलेल्या आहेत, एकाही रुग्णाची वायर काढायची नाही."

चारुशीला शेवंतापुढे जाऊन उभी राहिली. तिने हात जोडले. "तुमचा काही दोष नाही. सगळा माझा आहे."

शेवंता मोजपात्राकडे बघत होती. पाणी काठाला आलं होतं.

"मॅडम, मी वायर काढली नसती, तर आजोबा आज असते?"

तिला हलकं वाटावं असं काहीतरी बोलावं, म्हणून चारुशीलाने शब्द शोधून पाहिले. पण खोटं बोलायची तिची आज हिंमत नव्हती.

"हो," ती म्हणाली.

शेवंताने तोंडाला पदर लावला.