दहा अधिक अकरा

कोठीचं कुलूप शाबूत होतं. आतला डबा मात्र रिकामा होता.

अकोल्याजवळच्या पंजाबरावांच्या मळ्यात सहा वर्षं खपून तयार केलेल्या नव्या कापसाची सगळी सरकी त्या डब्यात होती. बुधवारी संध्याकाळी पाचला पाहिलेली, सातला गेलेली. किल्ल्या दोनच. एक देवमन या मजुराकडे; फुलांचे संकर त्यानंच हातानं केलेले. दुसरी मळ्याचे शास्त्रज्ञ डॉ. हरिहर विलायतेला घेऊन गेले होते. ते विमानानं मुंबईला उतरून गुरुवारी मळ्यावर परतले.

शुक्रवारी सकाळी फौजदारानं देवमनचे हात बांधले.

"थांबा," विमल म्हणाली. पंजाबरावांची ही भाची अमरावतीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची.

"काहून थांबू, बाई? साहेब तवा इमानात होते. मंग उरलं कोन?"

विमल हरिहरांकडे वळली. फेब्रुवारीतही ते गरम सुटात घामेजले होते.

"लंडन ते मुंबई अंतर किती?"

"साडेचार हजार मैल. जेटनं अकरा तास. बडनेऱ्याची पॅसेंजर नव्हे ती, बाई."

"निघालात कधी?"

"बुधवारी सकाळी बरोबर दहाला."

"आणि पोचलात?"

"रात्री नऊला. सांताक्रूझ विमानतळाच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मिनिटाचा फरक नाही."

"वाटेत आपलं घड्याळ पुढं केलंत?"

"हे स्विस आहे. याला हात लावावा लागत नाही. लिहून घ्या, पोरींना शिकवायला होईल."

"पोरींना याहून बरं येतं," विमल म्हणाली. "फौजदारसाहेब, या दिवसांत लंडनला सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथं दुपारचे साडेतीन असतात. त्यात अकरा तास मिळवा. विमान उतरेल ते रात्री अडीचला. डॉक्टरांनी विमान कंपनीच्या जाहिरातीतले अकरा तास दहात मिळवले. त्या विमानात ते नव्हतेच."

"पन इलायतेतून आले तं खरं?"

"बोटीनं आले असतील. बोटीवर घड्याळ रोज थोडं थोडं सरकवतात, अठरा दिवसांत त्याचं कुणाला काही वाटत नाही. विमानातून उतरणाऱ्याला साडेपाच तास एकदम पुढं जावं लागतं. ते कोण विसरेल? पासपोर्ट पाहिलात?"

"साहेबाले पासपोर्ट कसा मांगाव?"

"देवमनचे हात मागितलेत तसा."

पासपोर्टावर शिक्का होता: मुंबई बंदर. तारीख सोमवारची.

"सोमवारी उतरले," विमल म्हणाली. "बुधवारी आपल्या किल्लीनं कोठी उघडली. गुरुवारी सूट चढवून पुन्हा आले."

"काहून, डॉक्टर?" पंजाबरावांनी विचारलं.

हरिहर उसळले. "त्या वाणाला तुम्ही या देवमनचं नाव देणार होतात! चार बुकं न शिकलेल्या माणसाचं! मग मी तिकडे शिकून काय केलं?"

"बेरीजही नाही," विमल म्हणाली.

सरकी त्यांच्या पेटीत निघाली. विलायती मोज्यांत ठासून भरलेली.

फौजदारानं देवमनची दोरी सोडली. "जा रे, सोडलं तुले."

देवमननं मनगटं चोळली.

"सोडलं काहून म्हन्ता, साहेब? धरासारखं मी केलं काय होतं?"

फौजदार दोरी गुंडाळत राहिला.