पिठीचे पिवळे पंजे

"सातवा उपाय," चारूमावशी टाइप करता करता मोठ्याने म्हणाली, "मांजर दार खरवडत असेल तर अजिबात लक्ष देऊ नका. दहा मिनिटांत ते कंटाळून झोपतं."

आतल्या खोलीत पिठी सकाळी नऊपासून दार खरवडत होती. आता दोन वाजले होते.

सई आणि तिचा धाकटा भाऊ निमिष यांनी एकमेकांकडे पाहिलं. सुट्टीसाठी कोरेगावहून सांगलीला येऊन त्यांना चारच दिवस झाले होते, पण मावशी लिहीत असताना मध्ये बोलायचं नसतं हे त्यांना पक्कं कळलं होतं. मावशी कुठे नोकरी करत नव्हती. घरी बसून मासिकांना, कंपन्यांना, मागेल त्याला लिहून द्यायची. त्यामुळे शेजाऱ्यांना ती कायम रिकामी वाटायची आणि तिला मात्र धड जेवायला वेळ नसायचा. आज पाचपर्यंत एका मासिकाला लेख हवा होता. विषय होता, घरून काम करणाऱ्यांनी मांजरं कशी सांभाळावीत. लेख पसंत पडला तर दर महिन्याचं सदर मिळणार होतं, आणि त्या सदराची वाट मावशी दोन वर्षं बघत होती.

मांजरं दोन. काळा डांबर प्रिंटरवर झोपून असायचा, त्याचा त्रास नव्हता. पांढरी पिठी मात्र सकाळीच कीबोर्डवरून चालत गेली आणि जाताना दोन उपाय पुसून गेली. म्हणून तिला कोंडलं होतं.

"मावशी, तुझी दहा मिनिटं पाच तास चालू आहेत," निमिषला शेवटी राहवलं नाही.

"तिला लेख वाचता येत नाही ना, त्याला मी काय करू? जा, तिला खायला घाला. पण बाहेर सोडायचं नाही."

पिठीने वाटी क्षणात चाटून साफ केली. मग मागच्या खिडकीत चढून ती पुन्हा ओरडायला लागली. निमिषने तिचा पिवळा झालेला पंजा धरून बोटाने घासला आणि बोटाचा वास घेतला.

"हळद आहे. म्हणजे ही रोज मागच्या हळदीच्या गोदामात जाते."

सईने पिठीला उचललं. पिठीचं पोट ओलं होतं.

"निमिष, आपल्या म्हशीचं रेडकू लांब बांधलं की काय होतं?"

"दूध गळतं तिचं." निमिषचे डोळे मोठे झाले. "बापरे."

दोघं बाहेरच्या खोलीत मावशीकडे धावली.

"आता काय?" मावशी मान वर न करता म्हणाली. "चौथा उपाय पुन्हा लिहितेय. जाड मांजरासाठी. मी खाणं कमी केलं आणि पंधरा दिवसांत पिठी कशी बारीक झाली, सगळं स्वानुभवाचं."

"बारीक नाही झाली, मावशी," सई म्हणाली. "ती व्यायली. तिची पिल्लं गोदामात आहेत आणि सकाळपासून उपाशी आहेत."

मावशीची बोटं थांबली.

"आणि मागच्या खिडकीतून दिसतंय, गोदामाच्या खिडक्यांना माणसं चिकटपट्ट्या लावतायत," निमिष म्हणाला.

मावशी ताडकन उठली. त्या पट्ट्या कशासाठी ते तिला ठाऊक होतं. दर मे महिन्यात हळदीला कीड लागू नये म्हणून आत औषधाच्या गोळ्या ठेवत आणि आठवडाभर गोदाम बंद करत. त्या विषारी हवेत आतलं काही जिवंत राहत नसे. लेख उघडाच टाकून ती धावली. पिठीला छातीशी धरून सई मागोमाग, आणि निमिषही.

गोदामाच्या दारात मॅनेजर सुमंत गोळ्यांचा डबा घेऊन उभा होता. "थांबा, आत मांजराची पिल्लं आहेत," मावशी ओरडली.

"आत काही नाही, मॅडम. मी स्वतः बघितलंय."

"कधी?" निमिषने विचारलं.

"सोमवारी."

"आज गुरुवार आहे, काका."

हळद निवडणाऱ्या हरणाबाई पुढे आल्या. "आवं साहेब, पोरगं बरोबर बोलतंय. आत कायतरी वरडतंय, ह्ये मी सकाळीच सांगितलं व्हतं. तुमी म्हनला, उंदीर हाय."

सुमंत खजील झाला आणि बाजूला सरकला. मागच्या भिंतीपाशी, फाटक्या पोत्यात तीन पिल्लं सापडली. हळदीने तिन्ही पिवळीधमक. सईने त्यांना दाराबाहेर आणलं. पिठीने तिघांना चाटलं, मग पाठ फिरवून ती पुन्हा आत गेली.

"ह्या जातीला जागेची सवय असते," सुमंत डबा उचलत म्हणाला. "कंटाळली की येईल."

मावशीचा फोन वाजायला लागला. मासिकाच्या संपादकबाई. मावशीने फोन बंद केला आणि सरळ उंबऱ्यात बसली.

"ती कंटाळणार नाही. पाच तास कंटाळली नाही. आत अजून एक असणार. ते मिळेपर्यंत मी इथून उठत नाही."

पिठी दोन थप्प्यांच्या मधल्या फटीपाशी बसली होती. हरणाबाईंनी आणि सुमंतने मिळून आठ पोती सरकवली. मग निमिषने फटीत हात घातला आणि चौथं पिल्लू बाहेर काढलं. ते गार पडलं होतं. तोंड उघडत होतं, आवाज निघत नव्हता.

मावशीने ते पदरात घेऊन चोळलं. पिठी तिच्या मांडीला टेकून आडवी झाली. बऱ्याच वेळाने पिल्लू दूध ओढायला लागलं तेव्हा मावशीला रडू फुटलं.

"पोरांनो, तुम्ही होतात म्हणून वाचली ही," सुमंत हाताची हळद झटकत म्हणाला.

"लय गुनाची लेकरं," हरणाबाई म्हणाल्या.

"खरंच गुणाची आहेत," मावशी डोळे पुसत म्हणाली. "त्यांनी मांजराकडे बघितलं. मी नुसती मांजरावर लिहीत बसले होते."

तिने फोन सुरू केला. तो लगेच वाजला.

"ताई, लेख आज मिळणार नाही," मावशी म्हणाली. "जे लिहिलंय ते छापण्यासारखं नाही. मला आठ दिवस द्या. नाही जमलं तर सदर दुसऱ्या कुणाला दिलंत तरी चालेल."

पलीकडून बाई बराच वेळ बोलत राहिल्या.

"काय म्हणाल्या?" सईने दबक्या आवाजात विचारलं.

"विचार करून कळवते म्हणाल्या." मावशीने चौथ्या पिल्लाच्या पाठीवर बोट फिरवलं. "कळवू देत. ह्याचं पोट भरलं की घरी जाऊ."