सोनगीरची ऑर्डर

राजदीप सर आणि मी पहिल्यांदा भेटलो ते चक्क आपटून. एरंडोलच्या आमच्या शाळेत रुजू होण्याचा दिवस. मुख्याध्यापकांच्या दारातून मी आत घुसतेय आणि एक उंच माणूस बाहेर येतोय… धाडकन! माझी फाईल खाली, कागद फरशीभर. गोळा करता करता त्यानं माझी जन्मतारीख वाचली आणि वर हसला.

"अकरा दिवसांनी लहान आहात माझ्याहून."

"मग? पाया पडू?"

"नको, नको. आधीच डोकं बडवलंत माझं."

अस्सा राग आला होता! तरी दुपारी डबा खाताना मी त्याच्याकडेच बघत होते, हे आता कबूल करते. मी गणित शिकवायची, ते विज्ञान. तीन वर्षं आमची वादावादी चालली आणि नववीच्या पोरी खिडकीतून बघून एकमेकींना कोपरानं ढोसत राहिल्या. मनातलं मात्र दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

आणि मग त्याच अकरा दिवसांनी माझा घात केला. यंदा पट घटला, नववीची एक तुकडी बंद झाली, एक शिक्षक अतिरिक्त ठरणार होता. नियम साधा: सगळ्यात शेवटी रुजू झालेला जातो. आम्ही दोघं एकाच दिवशी रुजू झालेलो, म्हणून वयानं लहान तो जाणार. म्हणजे मी! आणि जायचं कुठे, तर संस्थेच्या सोनगीरच्या शाळेत, पार धुळ्याच्या पलीकडे.

 वर्षापूर्वी आईच्या अंगावरून वारं गेलंय. डावा हात अजून उचलत नाही, सकाळी मीच तिची वेणी घालून शाळेत येते. घरात आम्ही दोघीच. तिला सोडून जायचं कसं, आणि नोकरी सोडली तर खायचं काय?

आठ दिवस मला घास गेला नाही. नवव्या दिवशी शिपाई पितांबरभाऊ धावत वर्गात आले.

"मॅडम, पेढा काढा! ऑर्डर उनी. तुमनं नाव नही शे!"

"मग कुणाचं?"

"राजदीप सरनं शे! त्यास्नी स्वतःच लिखी दिधं, मी जास म्हणून."

हातातला खडू मी टेबलावर टाकला. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, आणि मी सरळ प्रयोगशाळेत. सर परीक्षानळ्या धूत होते.

"हे काय ऐकतेय मी?"

"काय?"

"वेड पांघरू नका! संमतीपत्र दिलंत तुम्ही?"

"सोनगीरला किल्ला आहे मॅडम. बघायचा राहिलाय."

"किल्ला बघायला बदली घेतात?"

ते हसले नाहीत. नळ बंद केला, हात पुसले. "आईंना सोडून तुम्ही तिकडे राहू शकला नसता. मी एकटा जीव, कुठंही राहीन."

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर हो म्हटलं असतंत?"

"नसतं!"

"म्हणूनच…"

इतका राग, इतका राग आला की रडूच फुटलं. हा माणूस आता इथं नसणार, एवढंच डोक्यात घणघणत होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षक-खोलीत निरोप समारंभ. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. आमच्याकडे निरोपाचं भाषण सगळ्यात लहान शिक्षकानं करायचं, म्हणजे पुन्हा मीच. कागदावर सगळं लिहून आणलं होतं.

"राजदीप सर मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष आणि…"

पुढे जाईना. मी कागद दुमडला. खुर्चीत बसलेले सर शालीचे गोंडे चाचपत खाली बघत होते.

"खोटं आहे हे," मी म्हणून गेले. "कसले मनमिळाऊ! मनमिळाऊ माणूस असा न विचारता निघून जातो? सर… मला तुमच्याशी लग्न करायचंय."

अगं बाई! माझंच मला खरं वाटेना. मुख्याध्यापक चष्मा काढून बघत राहिले. पितांबरभाऊंच्या ट्रेमधले कप खडखडले. सरांच्या मांडीवरचा नारळ घरंगळत टेबलाखाली गेला, आणि कुणी उचललासुद्धा नाही.

"मॅडम… ऑर्डर निघालीय माझी," ते कसेबसे म्हणाले. "मला जावंच लागेल."

"जा की! दर रविवारी यायचं मात्र. आईला मी आजच सांगते. चिडेल, रडेल, बघून घेईन मी."

सर उठून उभे राहिले. कान लालबुंद.

"त्या चिडणार नाहीत."

"तुम्हाला काय माहीत?"

"संमतीपत्र देण्याआधी त्यांच्याकडेच गेलो होतो. तुम्ही शाळेत होतात. तुम्हाला मागणी घातली मी."

मी टेबलाचा काठ घट्ट धरला. आई! रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून जेवणारी माझी आई, अवाक्षर बोलली नव्हती!

"आणि… काय म्हणाली ती?"

"म्हणाल्या, माझं कधीचंच हो आहे, पण विचारायचं तिला." सर कसनुसं हसले. "सोनगीरला जायची हिंमत झाली, मॅडम. एवढं विचारायची काही होईना."