तेवीस मिनिटांवरचं घर

एजंटने दोघांना एकाच वेळी बोलावलं होतं आणि एकमेकांबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं. त्यामुळे नळाखाली लिटरची बाटली धरून ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभी असताना न्हाणीघराचं दार उघडून एक उंच माणूस आत डोकावला, तेव्हा दोघंही दचकली.

"माफ करा… इथे कुणी राहतं हे माहीत नव्हतं."

"राहत नाही. घर बघायला आलेय." तिने नजर वर केली नाही. "थांबा जरा… चोवीस." तिने नळ बंद केला, बाटली ओतून दिली आणि खांद्यावरच्या पिशवीतून वही काढली.

"चोवीस काय?"

"सेकंद. एक लिटर पाणी यायला."

"आणि किती लागायला हवेत?"

"दहा."

"म्हणजे घर नापास."

"नापास."

तो हसला नाही, हे तिच्या लक्षात आलं. बाटली बघून आतापर्यंत सगळे हसले होते. उलट त्याने गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाला, "मग माझंही लिहून घ्या. लिफ्टचं दार मिटताना करकरतं, ऐकलंत? तीन महिने. फार तर चार. मग बसा जिने चढत."

"तुम्हाला काय माहीत?"

"लिफ्टचा मेकॅनिक आहे मी. म्हणून तर स्वतःसाठी तळमजला शोधतोय. एजंटने हेही तळमजला म्हणूनच सांगितलं होतं."

सतरा घरं बघून झाली होती तिची. त्या सतरा घरांत ती पहिल्यांदा हसली.

तेवढ्यात काळा चष्मा डोक्यावर सरकवत एजंट आला. "मॅडम, लवकर ठरवा हं. या घरावर दोन-दोन पार्ट्या टपून आहेत!"

"हो का?" उंच माणसाने अगदी निरागसपणे विचारलं. "दुसरी कोण?"

दोन्ही पार्ट्या एकाच बसने परतल्या.

ती एका मोठ्या इस्पितळाच्या रक्ततपासणी विभागात होती. तेहतीस वर्षांची. सहकारी पाठीमागे तिला 'मोजपट्टी' म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि तिला त्याचं वाईटही वाटत नसे. कुणीतरी नीट मोजायलाच हवं. भाड्याच्या दोन खोल्यांत ती आणि आई नऊ वर्षं राहत होत्या. आता मालकाचा मुलगा संसार घेऊन परत येणार होता. मालकाने दिलेल्या तीन महिन्यांतले दीड संपले होते.

शहरातली घरं तिच्या आवाक्याबाहेर होती. मग तिने नकाशा पसरला आणि बसच्या मार्गावर एकेक थांबा बाहेर सरकायला सुरुवात केली. दर रविवारी एक थांबा. सहा दिवस उभ्याने काम करायचं आणि सातव्या दिवशी दुसऱ्यांच्या रिकाम्या खोल्यांत उभं राहायचं. रविवारी संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा पायांत गोळे आलेले असत आणि आई काही न विचारता गरम पाण्याचं घमेलं पुढे सरकवी.

"मिळेल गं," आई म्हणायची. "एवढं काय!"

आईचे गुडघे दुखत, म्हणून तळमजला हवा. तिची पाळी सकाळी सातला सुरू होई, पहिली बस पकडावी लागे. म्हणून थांब्यापासून घर पंधरा मिनिटांच्या आत हवं. सोळा झाली तरी नाही. आठ तास उभं राहिल्यावर आपल्या पायांत किती चालणं शिल्लक उरतं, हे तिने मोजून ठेवलं होतं. थांब्यावर उतरलं की ती घड्याळाचं बटण दाबे आणि दारात पोचलं की पुन्हा दाबे. मधे बघायचं नाही, हा नियम.

पुढच्या रविवारी थांब्यावर तो उभाच होता.

"एजंटने इकडचंच घर सांगितलंय," तो म्हणाला. "थांब्यापासून पाच मिनिटं."

"त्याची सगळी घरं पाच मिनिटांवर असतात."

"त्याचं घड्याळ बघायला पाहिजे एकदा. दुरुस्त करून देईन."

मग ते ठरूनच गेलं. कुणी काही ठरवलं नाही, तरी. ती नळ बघायची, तो भिंतीवर बोटांनी टकटक करून ओल कुठे आहे ते सांगायचा. ती खिडकीत उभी राहून ऊन कुठपर्यंत येतं ते बघायची, तो दारांच्या बिजागऱ्या हलवून बघायचा. वाटेत बोलणं चालू असायचं. तो एका खोलीत आणखी दोघांबरोबर राहत होता. त्यातला एक घोरायचा आणि दुसरा त्या घोरण्याबद्दल झोपेत तक्रार करायचा.

"आणि तुम्ही?" तिने विचारलं.

"मी मधल्या खाटेवर. दोघांचं ऐकून घेतो."

एकदा तो म्हणाला, "लिफ्टमध्ये अडकलेली माणसं पहिल्यांदा काय विचारतात, सांगा."

"किती वेळ लागेल?"

"चूक. विचारतात, 'बाहेर कुणी आहे का?' वेळेचं नंतर. आहे म्हटलं की शांत होतात."

ती नुसतीच चालत राहिली. बाजूने चालणाऱ्या माणसाची बाही मधूनच आपल्या बाहीला लागतेय, हे मात्र तिला समजत होतं.

घरं नापासच होत होती. नळ ठीक निघाला, ऊन ठीक निघालं, तरी चालणं जास्त भरत होतं. एकोणीस मिनिटं. एकवीस. शहरापासून लांब गेलं की वस्ती विरळ होते, अंतरं वाढतात, असं तिने मनाशी धरलं आणि वहीत काट मारली.

मग आलं ते शेवटच्या थांब्यावरचं घर. त्यापुढे बस जातच नव्हती. रस्त्याच्या एका अंगाला गोदामांची लांब भिंत, दुसऱ्या अंगाला झाडं, आणि वळणावर दुमजली इमारत. तळमजल्यावर दोन खोल्या. नऊ सेकंदांत बाटली भरली. सकाळचं ऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर येऊन थांबलं होतं. ओट्यापाशी खुर्ची ठेवली तर आई तिथे बसून भाजी चिरेल… तिने चित्र पुरतं होऊ दिलं नाही. वही उघडली.

"तेवीस," ती म्हणाली.

"सेकंद?"

"मिनिटं. थांब्यापासून."

तो खिडकीपाशी गेला, परत आला. "घर मात्र चांगलं आहे."

"घर चांगलंच आहे." तिचा आवाज तिलाच थकलेला वाटला. "पण मला रोज चालायचंय. पहाटे जायचं, दुपारी परत यायचं. नाही जमणार."

परतीच्या बसमध्ये चढता चढता त्याने खिसे चाचपले. "चष्मा राहिला वाटतं तिथे. तुम्ही व्हा पुढे." तो खाली उतरला. खिडकीतून तिने पाहिलं: हात खिशात घालून तो लांब टांगा टाकत निघाला होता.

त्यानंतरच्या रविवारी तो आला नाही. निरोपही नाही. ती एकटीच एक घर बघून आली. आठ मिनिटांवरचं, पण खिडकी समोरच्या भिंतीत उघडणारं. भर दुपारी आत दिवा लावावा लागत होता. एजंट म्हणाला, "हे घ्याच मॅडम." आणि तिला पहिल्यांदा वाटलं, घेऊन टाकावं. अंधार तर अंधार. निदान शोधणं तरी संपेल.

आईने घमेलं पुढे सरकवलं. "आज एकटीच होतीस?"

"तुला कसं कळलं?"

"लवकर आलीस."

गुरुवारी तिला दोन पाळ्यांचं काम एका पाळीत उरकावं लागलं. दुपारी बसमध्ये बसायला जागा मिळाली, आणि तिथेच घात झाला. डोकं खिडकीला टेकलं, नि थेट कंडक्टरने हाक मारली तेव्हाच डोळे उघडले.

"बाई, उतरा. शेवटचा थांबा."

गोदामांची लांब भिंत. झाडं. परतीची बस सव्वा तासाने होती. थांब्यावर बाकसुद्धा नव्हता. ती हताशपणे हसली, आणि मग सवयीने बोट घड्याळाच्या बटणाकडे गेलं.

पाय ओढत, जांभया देत ती चालली. वळणावरच्या फाटकाशी पोचून तिने बटण दाबलं, आणि आकडा बघत राहिली.

बारा मिनिटं.

घड्याळ बिघडलं असेल. तिने फाटकाला हात लावला, उलट पावली थांब्यापर्यंत गेली, पुन्हा आली. बारा. साडेबारा, कारण मधे चपलेचा पट्टा सुटला होता.

ती तिथेच उभी राहिली. त्या रविवारी मधली अकरा मिनिटं कुठे गेली? कुठे थांबलो होतो का? नाही. चहा? नाही. नुसते चाललो होतो. लिफ्टमध्ये अडकलेल्या कुणा गवयाची गोष्ट तो सांगत होता, आणि ती म्हणत होती, "खोटं!" आणि तो म्हणत होता, "शपथ!"… एकोणीस, एकवीस, तेवीस. अंतरं वाढलीच नव्हती. दर रविवारी ती आदल्या रविवारपेक्षा हळू चालली होती.

सबंध कारकिर्दीत तिने रक्ताचा एकही नमुना खराब होऊ दिला नव्हता.

"बारा आहेत ना?"

इमारतीच्या पायरीवर तो बसला होता. झाडाआडून तिच्या दोन्ही खेपा त्याने पाहिल्या असणार. कामाचे कपडे, हाताला काळं ग्रीस. तो उठून उभा राहिला आणि पुढे यावं की नाही, हे न कळल्यासारखा थांबला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"चष्मा आणायला परत आलो, तेव्हा कळलं." त्याने मान खाली घातली. "एकट्याने बारा मिनिटं लागली."

"आणि सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही घर घेतलं असतं." तो हळूच म्हणाला. "आणि रविवार संपले असते."

झाडांतून वाऱ्याची झुळूक आली, गोदामाच्या पत्र्यावर पानं सरसरली. तिला खूप राग यायला हवा होता, आणि तो आलाही. पण दमलेल्या माणसाचा राग, उभं राहायचं बळ नसलेला. ती पायरीवर बसली.

"माझ्याकडे तेरा दिवस उरलेत. रविवारी मी एक अंधारी खोली घेऊन टाकणार होते. आईला अंधारात बसवणार होते मी."

"चुकलंच माझं. चार दिवस गिळून बसलो, मग राहवेना." तो एक पायरी सोडून खाली बसला. "एजंटच्या इमारतीतली लिफ्ट महिनाभर बंद होती. सात मजले. रविवारी दिवसभर आणि त्यानंतर रोज कामावरून सुटून तीच दुरुस्त करत होतो. त्याला म्हटलं, फुकट करतो, पण येत्या रविवारपर्यंत हे घर दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही. आज अर्धी रजा टाकून ती चालू केली. तडक इथे आलो… खरंच बाराच लागतात का, ते पुन्हा बघायला."

"आणि फोन?"

"दोनदा लावता लावता ठेवला. काय सांगणार होतो? तुमची मोजणी चुकली, आणि ती चूक म्हणजे मी?"

तिने चपलेचा पट्टा पुन्हा घट्ट केला. मग समोर बघतच म्हणाली, "नमुना खराब झाला की आम्ही तो फेकून देतो."

त्याने हातावरचं ग्रीस अंगठ्याने खरवडलं. "बरोबर आहे."

"आणि नवा घेतो," ती म्हणाली. "पण पुन्हा काही लपवलंत तर… मी रोज नोंदी ठेवते, लक्षात असू द्या."

त्याने मान वर केली. ग्रीसचा एक डाग त्याच्या कपाळावरही होता. तो सांगावा की नको, या विचारात ती तसंच बघत राहिली, आणि बघण्याला जरा जास्तच वेळ लागला.

"घर घेताय ना मग?" त्याने विचारलं.

"घेतेय. आणि तुमचं?"

"मला तळमजलाच हवा. इथे तळमजल्यावर हे एकच आहे." तो उठला. "बघेन कुठेतरी. चला, बस येईल."

दोघं निघाली. तिचे पाय अजून दुखतच होते, पण आता चालताना ते आठवत नव्हते. त्या गवयाचं पुढे काय झालं, तिने विचारलं. तो गात होता, असं त्याने सांगितलं. सुटका झाल्यावरसुद्धा बाहेर यायला तयार नव्हता, आवाज छान घुमतो म्हणून. "खोटं," ती म्हणाली. "शपथ," तो म्हणाला.

थांब्यावर आल्यावर त्याने तिच्या मनगटाकडे बोट केलं. "किती झाली?"

तिने पाहिलं. घड्याळावर मघाचीच साडेबारा मिनिटं होती. "बटण दाबायलाच विसरले."

"तुम्ही?"

"मी."

"मग पुन्हा मोजावं लागेल."

"रविवारी," ती म्हणाली. बस लांबून दिसू लागली होती. "आईला आणतेय इथे… तुम्हीही या. तिला बघू दे."

"काय, घर?"

बस येऊन थांबली. ती पायरीवर चढली, दांडा धरला आणि वळून पाहिलं.

"घरही," ती म्हणाली. "चढा आता. आणि कपाळावरचं ते ग्रीस पुसा."