माझं माप चुकत नाही

माझं माप चुकत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी भांडणं या एका वाक्यावरून झाली आहेत. आणि भांडणंच नव्हे, बाकीचंही बरंच काही.

जळगाव जामोदच्या बसस्टँडमागे आमचं शिवणकामाचं दुकान आहे. बाबांना सगळे गोविंदा टेलर म्हणतात, पण हल्ली ते फक्त काजं-बटणं करतात. माप घेणं आणि कापणं माझ्याकडे. मार्चमधला बाजाराचा दिवस होता. मी मशीनवर मान खाली घालून बसले होते, आणि दारावरचा लोखंडी बोर्ड धाडकन वाजला.

“ओ! बोर्ड पाडता काय?”

दारात एक पँट उभी होती. खरंच सांगते, आधी पँटच दिसली. मग पट्टा. मग कपाळ चोळत, वाकत वाकत एक चेहरा आत आला.

“मॅडम... दोन मिनिटं थांबू देता काय? लोकं मागं लागले.”

बाहेर सात-आठ जण मोबाइल उगारून उभे होते. “ओ टॉवर! एक सेल्फी!” एक बाई तर तान्हं बाळ पुढे करत होती, त्याच्या खांद्यावर बसवून फोटो काढायला. माझं डोकंच फिरलं. मी कात्री घेऊनच दारात गेले. “इथं ब्लाऊजचे मापं चालू हायेत. कोनाले यायचं असंन तं या!”

अर्ध्या मिनिटात गर्दी पांगली.

“हे दुकान हाय, लपाची जागा नाई,” मी त्याला सुनावलं. “आता आलेच तं काई शिवून घ्या.”

तो हसला. दातांमध्ये फटी होत्या, तरी हसू असं, की मला उगाच टेप शोधावी लागली... ती गळ्यातच होती. “माह्यं शिवाले कोनी हो म्हनत नाई. कापड लय लागते.”

“मानसाले जेवढं लागते तेवढं लागते. उभे राहा.”

मी चार फूट अकरा इंच. स्टुलावर चढले तेव्हा कुठे माझे डोळे त्याच्या खांद्याशी आले. माझ्या स्टुलाचा एक पाय हलतो. मी डगमगले तसा त्याने हात धरला, आणि मी सावरताच लगेच सोडला. छातीभोवती टेप गेली तेव्हा त्याने श्वासच रोखला.

“श्वास घ्या. नाई तं माप चुकीन.”

“तुमचं चुकते काय?”

“माह्यं माप चुकत नाई.”

मापाच्या वहीत बाराव्या पानावर मी लिहिलं: प्रसेनजित. पँटची लांबी एक्कावन्न इंच. खाली तारीख.

प्रसेनजित म्हणजे चौकातल्या कापड दुकानवाल्या रंगरावकाकांचा भाचा. वडील गेल्यावर तो आणि त्याची आई, तानुबाई, मामाच्याच आश्रयाला होते. काम काय, तर दुकानाच्या दारात फेटा बांधून उभं राहायचं. लोक फोटो काढायचे, मग आत शिरून निदान टॉवेल तरी घ्यायचे. दिवसभर उभा! गुडघे दुखतात का, हे कुणी विचारलं नव्हतं. “वर हवा कशी हाय?” हे मात्र सगळे विचारायचे, आणि प्रत्येकाला वाटायचं हा विनोद आपणच पहिल्यांदा केला.

तो आमच्या दुकानात यायला लागला. कधी बटण तुटलं म्हणून, कधी तुटेल असं वाटतं म्हणून. बाबांना सुईत दोरा ओवून द्यायचा. माझ्यासमोर बसला की चहा गार व्हायचा, दोघांचाही.

पण चौकात! चौकात मी त्याच्या अगदी बाजूने जायची, मुद्दाम बांगड्या वाजवत, आणि हा खांबासारखा समोर बघत उभा. ढुंकूनही पाहायचा नाही. समोरून गेले की चेहरा फुलायचा. बाजूने गेले की ओळखही नाही. एवढा कसला गर्व? मी किती वेळा ठरवलं की आता बोलायचंच नाही. पण बटण तुटायचं, आणि माझा निश्चयही.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात रंगरावकाकांनी शेरवानी शिवायला दिली. दिवाळीत मुंबईहून विक्रमांची नोंद ठेवणारी माणसं भाच्याची उंची मोजायला येणार होती. ‘राज्यातला सर्वात उंच तरुण’ असा बॅनरही छापून झाला होता. “माप हायच तुह्याजवळ,” ते म्हणाले. मी बाराव्या पानावरून शिवली.

चार दिवसांनी भर दुपारी ते आले आणि गिऱ्हाइकांसमोर पायजमा टेबलावर आपटला. मागे प्रसेनजित, मान खाली घालून.

“घोटा उघडा राह्यते याचा! पोरीच्या हातात कात्री दिली का असंच होते.”

बाबा चाचरले. “कापड आटलं असंन, रंगरावभाऊ...”

“आटलं नाई!” मी उसळले. “कोरं कापड पान्यातून काढल्याबिगर मी कात्री लावत नाई. आन माह्यं माप चुकत नाई. प्रसेनजित, उभे राहा!”

सगळ्यांसमोर मापलं. साडेबावन्न. पुन्हा मापलं. साडेबावन्न. बाही पाऊण इंचाने जास्त.

“पाहा! एक्कावन्न लिहिलं हाय, तारखेसकट. माप बरोबर होतं. हे वाढले!”

जिंकल्याचा आनंद मला क्षणभरच मिळाला. रंगरावकाकांनी तर टाळीच वाजवली. “वाढला! अजून वाढला! आता कोन हरवते आपल्याले!” लोक हसले, एकाने मोबाइल काढला. मी टेपकडे बघत राहिले.

“तुमचं वय काय?” मी विचारलं.

“चोवीस.”

“चोविसाव्या वर्षी कोन वाढते?”

माझी नजर त्याच्या पायांकडे गेली.

“चप्पल?”

“यंदा दोनदा बदलली. बोटं बी जाड झाले... बाबांची अंगठी मागच्या साली बसे, आता करंगळीत बी जात नाई.” मग तो ओशाळून म्हणाला, “आन डोकं दुखते रोज. बोर्ड लागतात ना, त्याच्यानं असंन.”

मी त्याचा हात धरला आणि शेजारच्या गल्लीतल्या चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. तिथे माझी शाळेतली मैत्रीण झेबा डोळे तपासते. बोर्ड लागतात म्हणजे दिसत नसतील, एवढंच माझं गणित.

झेबाने त्याला समोर बसवलं. “माझ्या नाकाकडे बघा. पेन दिसला की सांगा.” तिने पेन त्याच्या कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणला. तो गप्प. पेन गालापर्यंत आला, तरी गप्प. जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा म्हणाला, “हां... आता.” दुसऱ्या बाजूनेही तेच. मी त्याच्या बाजूला उभी होते. मी हात हलवला, बांगड्या घट्ट धरून, आवाज न करता. तो समोरच बघत होता.

त्याला बाजूचं दिसतच नव्हतं.

सात महिने मी बाजूने बघत होते, आणि सात महिने मनातल्या मनात त्याला शिव्या देत होते. तो राग एका क्षणात विरला, आणि त्याच्या जागी दुसरा, कितीतरी मोठा राग आला. या गावाने त्याचे हजार फोटो काढले. हजार! त्यातल्या एकालाही वाटलं नाही की या माणसाला काही होत असेल. झेबा हळूच म्हणाली, “पुष्पांजली, हे चष्म्याचं काम नाही. अकोल्याला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन जा. लगेच.”

अकोल्याच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, मेंदूचा फोटो काढला आणि आम्हाला नीट समजावलं. तानुबाई, रंगरावकाका, तो आणि मी. उंच असणं हा काही आजार नाही, त्या म्हणाल्या. पुष्कळांच्या घराण्यातच उंची असते. काहींचं शरीर बांधून ठेवणारे तंतू जन्मापासून सैल असतात, त्यांची हाडं लांब होतात आणि हृदयाला जपावं लागतं. प्रसेनजितचं कारण आणखी वेगळं. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, शरीराने किती वाढायचं ते ती ठरवते. तिच्यावर गाठ झाली होती. कॅन्सरची नव्हे, पण वाढ थांबू न देणारी. एरवी विशीपर्यंत मिटणारी हाडांची टोकं याची अजून उघडीच होती. आणि ती गाठ वर सरकून डोळ्यांच्या नसा दाबत होती.

“ऑपरेशन नाकातून होतं. नागपूरला करा, पण उशीर नको. उंची कमी होणार नाही, वाढ थांबेल. आणखी थांबलात तर नजर जाईल, हृदयही थकेल.”

रंगरावकाकांनी घसा खाकरला. “वाढ थांबते म्हनता... मंग दिवाळीनंतर करू ना. इक्रमाले अजून एक इंच पायजे.”

मी खुर्चीवरून उठले. दवाखाना आहे, हळू बोलायचं असतं, हे सगळं मला माहीत होतं.

“इंच? त्याचे डोळे चालले, आन तुमाले इंच पायजे?”

“तू कोन बोलनारी? घरचा मामला हाय हा!”

मी कोण? मी प्रसेनजितकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. “मामाचं बी बरोबर हाय,” तो पुटपुटला. “उंची सोडून माह्यात हाय काय, पुष्पांजली?”

आता मात्र माझा तोल गेला. ‘तुम्ही’ कधी गळून पडलं कळलंच नाही.

“तुह्यात काय हाय ते मी सात महिने झाले पाहून राह्यली! तू बाबाले दोरा ओवून देतो. लोकं टॉवर म्हनतात आन तू त्याहीचे लेकरं हसवतो. माह्या स्टुलाचा पाय हलते तं हात धरतो... आन उतरली का लगेच सोडतो. सोडतो काऊन, थेच मले समजत नाई!”

डॉक्टरबाई फाइलमध्ये बघायला लागल्या. प्रसेनजितचे कान लालभडक झाले.

इतका वेळ गप्प बसलेल्या तानुबाई उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भावाला म्हणाल्या, “भाऊ, तू आमाले सांभाळलं, मी इसरली नाई. पन बॅनर उतरव. माह्यं पोरगं नागपूरले जाईन.”

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मला भेटायला सोडलं. रंगरावकाका बाहेर बाकावर मोसंबी घेऊन बसले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी पिशवी पुढे केली. मी घेतली, पण राग अजून गेलेला नाही, सांगून ठेवते.

आत तो टेकून बसला होता, नाकाला पट्टी, पाय पलंगाबाहेर एका स्टुलावर टेकवलेले. मी समोर गेले नाही. खिडकीपाशी, त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिले. बांगड्या मुद्दाम घातल्या नव्हत्या.

तो भिंतीकडेच बघत होता. एक मिनिट गेलं. मग मान न वळवता, चोंदलेल्या आवाजात म्हणाला, “पिवळी ओढनी चांगली दिसते तुले.”

मी रडले. मग रडवलं म्हणून त्याला रागावले, आणि चौकातल्या बांगड्यांचंही सांगून टाकलं.

“सात महिने बाजूनं पाहे म्हनते... मंग सांगितलं काऊन नाई?”

“मी काऊन सांगू? तू पाहाचं होतं.”

“आता पाह्यतो,” तो म्हणाला. “दोन्हीकून.”

या मार्चमध्ये तो दुकानात आला, बोर्डाखालून नीट वाकून. डॉक्टरांच्या तपासण्या चालूच आहेत, गोळ्याही. पण मला माझी तपासणी करायची होती. स्टूल ओढलं, त्याने हात धरला, मी माप घेतलं. पँटची लांबी साडेबावन्न. बाही तेवढीच. दोनदा मापलं. हातभर लांब श्वास सोडून मी खाली उतरले आणि वही उघडली.

“हात सोड, लिहायचं हाय.”

“डाव्या हातानं लिही.”

बाबा काजांमध्ये फारच गुंतले. बारावं पान तुम्हाला दाखवीन कधीतरी. शेवटची ओळ वेडीवाकडी आली आहे, पण माप बरोबर आहे.